फ्राऊ लोरेन्झचा पियानो

आमचा पद्माकर गेली चौदा वर्षं जर्मनीत एर्लांगेनमध्ये स्कॅनर मशिनचं सॉफ्टवेअर लिहितो. माणूस सरळ, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की संपलंच.

त्याची मुलगी अन्वी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लोरेन्झकडे पियानो शिकायची. दर गुरुवारी हा तासभर तिथल्या सोफ्यावर बसून ऐकायचा. सोफ्यावरची ती जागा बाईंच्या नवऱ्याची, एर्विनची. तो जाऊन नऊ वर्षं झाली. यंदा ब्याऐंशीव्या वर्षी बाईंना वृद्धाश्रमात खोली मिळाली. तिथे कीबोर्ड मावणार होता, पियानो नाही. बाईंनी तक्रार केली नाही, फक्त शिकवणं थांबवलं आणि खाणं कमी केलं. आता हे हात ठेवायचे कुठे, एवढंच एकदा म्हणाल्या. पद्माकरनं लगेच शब्द देऊन टाकला, तुमचा पियानो मी कॉम्प्युटरमध्ये बसवून देतो.

आता सरळ एकेक पट्टी रेकॉर्ड करावी की नाही? छे! यानं तारांची लांबी मोजली, हातोड्यांवरचा नमदा किती झिजलाय ते पाहिलं आणि त्या आकड्यांवरून आवाज घडवणारा सिंथेसायझर लिहायला घेतला. चार महिने सुट्टीच्या दिवशी तेच. त्याची बायको अरुंधती वैतागली, मीही चार शब्द सुनावले. हा नुसता ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून मान डोलवायचा आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये तोंड घालायचा. गुरुवारी ऐकला तसाच पियानो वाजेपर्यंत त्यानं सोडलं नाही.

नव्या खोलीत कीबोर्ड आणि स्पीकर लागले. सामान उचलायला मी होतो, अन्वीही आली होती. बाईंनी दोन ओळी वाजवल्या आणि हात थांबवले.

"पियानो माझाच आहे," त्या म्हणाल्या, "पण सोफ्यावरून ऐकल्यासारखा."

गाढवपणा झाला होता खरा. वाजवणाऱ्याला खर्जातले सूर डावीकडून येतात, बारीक सूर उजवीकडून; सोफ्यावर सगळे मिसळून एकाच बाजूनं येतात. हा पियानोसमोरच्या बाकावर कधी बसलाच नव्हता. पद्माकर ओशाळला. दोन मिनिटांत बदलतो म्हणत लॅपटॉपकडे वळला.

"आज राहू दे," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं एर्विन तिथे बसायचा. त्याला काय ऐकू यायचं, ते मला कधी कळलंच नव्हतं."

मग त्यांनी अन्वीला कीबोर्डवर बसवलं आणि स्वतः भिंतीशी खुर्ची ओढून ऐकत बसल्या.