एनोसने सोडलेला ओक

एनोस टटलसारखी कुऱ्हाड आमच्या वस्तीत दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि त्याच कुऱ्हाडीवरून पुढे त्याचं हसं झालं. त्याच्याबद्दल कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. माझ्याहून बरं सांगणारे आता उरले नाहीत, म्हणून मी सांगतो.

आमच्याकडे तेव्हा रान एकेक झाड पाडून साफ करत नसत. उतारावरच्या सगळ्या झाडांना अर्ध्यापर्यंत खाचा पाडून ठेवायच्या. मग माथ्यावरचं सर्वांत जड झाड तोडायचं. ते खालच्यावर पडतं, खालचं त्याच्या खालच्यावर, आणि बघता बघता अख्खा उतार आडवा होतो. याला आम्ही ओळ पाडणं म्हणायचो. मग सगळं जाळायचं आणि राख साबणासाठी विकायची. एनोसने पाडलेली ओळ कधी मध्येच अडली नव्हती, म्हणून कॅप्टन रूफस क्रँडलने आपला उतार त्याच्याकडेच दिला.

त्या उताराच्या पायथ्याशी, हेमलॉकच्या सदाहरित झाडांच्या दाट सावलीत, आमचा झरा होता. सगळ्या वस्तीचं पाणी तेच.

“कॅप्टन, झऱ्यावरची झाडं राहू द्या,” एनोस म्हणाला. “व्हरमाँटला मी माझ्याच हातानं झऱ्यावरचं रान काढलं आणि झरा आटला. माझी बायको थँकफुल मैलभरावरून पाणी आणायची. शेवटी घरदार सोडून इकडे आलो.”

“पाणी जमिनीतून येतं रे, झाडातून नाही,” कॅप्टन हसला. “आणि रानाचं काय घेऊन बसलास? इथून पार मोठ्या सरोवरापर्यंत रानच रान आहे. बायकोला पाणी वाहायचा कंटाळा आला असेल तर तसं सांग. मी दुसरा माणूस बघतो.”

दुसरा खरंच आला असता. एनोसने काम घेतलं.

ओळ पाडायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळी वस्ती समोरच्या टेकाडावर जमली. रमची सुरई फिरत होती, बायकांनी मक्याचा पाव आणला होता. एनोसने माथ्यावरच्या मेपलला शेवटचे घाव घातले आणि तो बाजूला पळाला.

मेपल कलला. मग असा गडगडाट झाला की बैल दावी तोडायला लागले. उतार खाली सरकत आला, आणि मध्येच थांबला. एका जुन्या ओकवर. त्या ओकला खाच नव्हती. त्याच्याखालच्या एकाही झाडाला नव्हती. वरची खोडं त्याच्या अंगावर रेलून अधांतरी करकरत राहिली.

“गेला! एनोसचा हात गेला!” टेकाडावरून कुणीतरी ओरडलं. “कुऱ्हाडीला चष्मा लाव रे, म्हाताऱ्या!”

एनोस खाली आला. “हात गेलेला नाही. तो ओक मी सोडलाय.”

हसणं बंद झालं.

“माझ्या जमिनीवर?” कॅप्टनचा चेहरा लालबुंद झाला. “आत्ताच्या आत्ता तोड तो.”

“नाही.”

“मग मी तोडतो.” त्याने कुऱ्हाड उचलली आणि तरातरा ओकाखाली गेला. ओक हलला की वरचं सगळं त्याच्याच डोक्यावर येणार, आणि पुढे झऱ्यावर, हे आम्हाला टेकाडावरूनही दिसत होतं. त्याला रागापुढे दिसत नव्हतं. एनोस आडवा गेला, तर कॅप्टनने त्याला ढकलून दिलं.

तेव्हा थँकफुल उठली. बादली घेऊन टेकाड उतरली आणि लटकलेल्या खोडांखालून वाकून थेट झऱ्याशी गेली.

“ए बाई, बाहेर हो!”

“पाणी भरतेय, कॅप्टन. रोज याच वेळेला भरते.”

“अगं, वर बघ जरा!”

“तुम्हीच बघा. कुऱ्हाड तुमच्या हातात आहे.”

वारा सुटला. एक फांदी कडकन मोडून तिच्यापासून हातभर अंतरावर पडली. एनोस गेला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला.

“भरली का गं?”

“कसली घाई आहे?”

कॅप्टनने कुऱ्हाड उगारलेलीच होती. इतक्यात टेकाडावरून त्याची बायको मर्सी ओरडली, “रूफस, ठेव ती खाली! पाणी मलाही लागतं!”

त्याने कुऱ्हाड खाली टाकली. “आणि ही लटकलेली खोडं? तुझा बाप काढणार?”

“मीच काढीन,” एनोस म्हणाला.

बैल आणि साखळी लावून त्याने ती एकेक करून बाजूला ओढली. शेवटचं खोड घरंगळलं आणि त्याचा पाय गुडघ्याखाली चेचला. त्यानंतर त्याला ओळीचं काम कुणी दिलं नाही. लोक त्याला ‘अडलेला एनोस’ म्हणत. तो दारात बसून कुऱ्हाडीचे दांडे तासायचा आणि कुणालाही काही समजावायला जायचा नाही.

आमच्याकडे उन्हाळाभर पावसाच्या सरी येत, पण मग एका उन्हाळ्यात पाऊसच आला नाही. गिरणी फिरवणारा ओढा वाळला, गुरं हंबरायला लागली. आमचा झरा बारीक झाला, पण वाहत राहिला.

कॅप्टन स्वतः बादली घेऊन यायला लागला. एके दिवशी परत जाताना तो एनोसच्या दारात थांबला आणि आपली कुऱ्हाड पुढे केली.

“दांडा सैल झालाय.”

एनोसने हलवून पाहिला. “घट्ट आहे की, कॅप्टन.”

“असू दे. नवा बसव.”

एनोसने जुना दांडा ठोकून बाहेर काढला आणि नवा बसवून दिला.