आमचा भात

धरमतर खाडीकाठच्या आमच्या शेतात खारं पाणी शिरलं तरी तग धरणारा एक भात होता. काकांनी वर्षानुवर्षं लोंबी निवडून तो जपला होता, म्हणून गाव त्याला काकांच्याच नावाने ओळखायचं.

काका गेल्यावर भाताच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतले साहेब पेणला आले. मीच त्यांना मोठ्या हौसेने काकीकडे घेऊन गेलो. साहेबांनी भाताचं नाव विचारलं. काकीने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. पदर सावरत ती म्हणाली, “नाव कशाला? आमचा हाय तो.”

साहेबांनी सोबत न्यायच्या बियाण्याच्या पाकिटावर लिहिलं, ‘आमचा’. खरं नाव मला ठाऊक होतं, पण मी नुसता दात काढत उभा राहिलो.

पुढे त्याच भातात खारेपणा सोसणारं जनुक सापडलं. पेपरात साहेबांचा फोटो आला. काकांचं नाव कुठेच नव्हतं.

मग बांध फुटला. भरतीचं पाणी दोन वर्षं शेतातून हटलंच नाही, इतकं त्या भातालाही सोसलं नाही. घरातलं बियाणं संपलं. रोह्याच्या शेतकरी मेळाव्यात साहेब भेटले, तेव्हा मी मूठभर बियाणं मागितलं. ते म्हणाले, “ते आता संस्थेचं आहे. बाहेर देता येत नाही.”

घरी येऊन काकीला सांगितलं. तिने विचारलं, “मंग आता काय म्हनतात त्याला?”

“आमचा म्हणतात गो काकी. अजून आमचाच म्हणतात.”