औषध ढवळणारा हात

वरवट बकाल गावच्या तुळशीरामने बैलावरही कधी चाबूक उगारला नव्हता. त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या ज्यांच्याकडे कामाला होतं त्या भगवंतरावांच्या वावरात पासष्ट-सहासष्टच्या सुमारास एंड्रीन हे जहाल कीटकनाशक आलं आणि फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर चढला. पिंपातलं औषध काठीने ढवळायचं सोडून हा बहाद्दर कोपरापर्यंत हात बुडवायचा. "तुळशीरामच्या हातून अळी वाचत नाही," असं भगवंतराव चारचौघांत सांगायचे. कौतुकाला काय लागतं, हात तर दुसऱ्याचा होता.

तिसऱ्या हंगामात त्याने हाकायच्या टोकदार पराणीने बैलाचा डोळा फोडला. मग बायकोचे, सोजराबाईचे, दोन दात पाडले. सकाळी तिचं सुजलेलं तोंड पाहून तोच विचारायचा, "कोनं मारलं तुले?" आणि ढसाढसा रडायचा.

गावाने बाहेरची बाधा ठरवून टाकली. फवारणी सरल्यावर त्याला हिवरा आश्रमात सेवेला ठेवलं. दोन महिन्यांत हातांना लागलेली थरथर गेली, गडी गायीसारखा गरीब होऊन परतला. सगळे म्हणाले, सेवेचा गुण. सोजराबाईही तेच म्हणाली. पुढची फवारणी लागली आणि आठव्या दिवशी त्याने सहा वर्षांच्या कोकिळेला, पोटच्या पोरीला, केसांना धरून जात्यावर आपटलं. पोरीच्या कानातून रक्त आलं.

तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या सोजराबाईला तेव्हा कुठे उमगलं. पंप पाठीवर असला की राक्षस, आढ्याला टांगला की माणूस. इतकी साधी गोष्ट पोरीचं रक्त सांडल्यावर कळावी, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

सकाळी ती म्हणाली, "ते औषद तुमच्या डोक्यात चढून राह्यलं. जाऊ नोका."

"येडी झाली का? मालक वाट पाहून राह्यले," म्हणत तो पंपाकडे वाकला.

तिने मुसळ उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. हाड कडकन वाजलं. तो खाली कोसळला, तरी तिने आणखी एक घाव घातला.

हाड बसवणाऱ्याला तिने गाडीवरून पडल्याचं सांगितलं. हाताला कामट्या बांधून तुळशीराम तीन महिने घरात बसला. तेवढ्या दिवसांत घरात कोणाला चापटही बसली नाही. डाव्या हाताने तो कोकिळेला भरवायचा, तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी तोंड नेऊन बोलायचा.

पुढच्या साली कपाशीवर अळी पडली आणि भगवंतरावांचा निरोप आला. तुळशीराम पंपाकडे गेला आणि तसाच मागे फिरला. मग त्याने मुसळ आणून सोजराबाईपुढे ठेवलं आणि उजवा हात जात्यावर पसरला.

"मले त्यायले नाही म्हनता येत नाही," तो म्हणाला. "तू मोड."