नाकातून नव्हे, छातीतून

दिग्रसहून यवतमाळला पोचेपर्यंत माझ्या नवऱ्याने दोन वाट्या रक्त खोकून टाकले होते. हा अंदाज नाही. वाटी दीडशे मिलिलिटरची, निघताना मीच पिशवीत टाकली होती. वेचणीच्या दिवसांत कापसाचे वजन रोज मीच करते. मोजल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दवाखान्यात दिराने डॉक्टरांना सांगितले, "नाकातून येते साहेब. गरमीनं."

मी त्याच्याकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, "वहिनी, गप राहा. बाकावर सोयऱ्यांच्या गावचे बसले हायेत."

त्याच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. घरात कुणाला टीबी होता हे कळले की आमच्याकडे पाहुणे पुन्हा येत नाहीत. म्हणून अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला टीबी झाला, तेव्हा तो खोकला तंबाखूचा असल्याचे आम्ही सांगत राहिलो. मीही सांगितले.

आता त्या खोट्यापायी नाकात कापूस घालून वीस मिनिटे गेली. कापूस पांढराच निघाला. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तिसरी वाटी भरली.

मी उठले. "डॉक्टर, नाकातून नाही, छातीतून येतंय. अकरा वर्षांपूर्वी डाव्या फुप्फुसात, वरच्या भागात टीबी होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही चुकली नाही. आज सकाळपासून साडेचारशे मिलिलिटर रक्त गेलं."

बाकावरची माणसे वळून पाहू लागली. मी पाहू दिले.

"माह्या पोरीचं वाटोळं केलं तुम्ही," दीर म्हणाला.

"तिचा काका मरून राह्यला, भाऊजी. सुतकात लगन लावान का?"

तपासणीत दिसले की जुन्या जखमेजवळची रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, जांघेतून बारीक नळी तिथवर नेऊन पातळ औषध सोडू. रक्ताला लागताच ते गोंदासारखे घट्ट होते आणि वाट बंद करते.

"किती औषध?"

"एक मिलिलिटर. कदाचित त्याहून कमी."

अंगात किती रक्त उरले असेल, याचा मी हिशेब मांडू लागले. डॉक्टरांनी थांबवले. "रक्त संपायच्या आधी श्वास कोंडेल. आणि एक धोका सांगतो. मणक्याला जाणारी रक्तवाहिनी जवळच असते. थेंब तिकडे गेला तर पाय लुळे पडू शकतात."

"पाय गेले तर उचलन कोन?" दीर म्हणाला. "त्याच्यापेक्षा घरी न्या."

"मी उचलीन," मी म्हणाले आणि संमतीच्या कागदावर सही केली.

सव्वा तासाने आत सोडले. नवरा उताणा पडला होता. मी म्हटले, पायाची बोटे हलवा. त्याने हलवली. मी एकेक मोजले.

"काहून मोजून राह्यली? दहाच हायेत," तो म्हणाला. त्यानंतर खोकल्यातून आले ते जुने, काळपट रक्त. तेही तिसऱ्या दिवशी थांबले.

दीर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. गेल्या आठवड्यात मुलाकडच्यांचा फोन आला, ऐकले ते खरे का. मी म्हटले, "खरं आहे. टीबी होता, पूर्ण औषध घेतलं, बरा झाला. मुलीला काही नाही. आणखी काय विचारायचं असेल ते मलाच विचारा."

त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. नाही आले तरी पुढच्या स्थळाला मी हेच सांगणार आहे.