सोजराबाई मिरची घेऊन खामगावला जाते

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. देऊळगावराजातून कुणी कामासाठी परगावी निघालं, की आधी बालाजीला नारळ फोडी आणि मग सोजराबाईच्या ओसरीवर जाऊन बसे. माणूस सुखरूप परत यावा, हे बालाजीकडे. पण वाटेत अंग मोडू नये, डोकं उठू नये, सामान हरवू नये आणि ज्यासाठी निघालो ते काम व्हावं, हे खातं सोजराबाईचं होतं. ती सुपारी कातरत विचारायची, "कायले चाल्ला? कोनाले भेटाचं हाये? सामान दाखव." सामान पाहिलं की त्यातलं अर्धं बाहेर काढून ठेवायची. मग बोलायची.

ही सोजराबाई जन्माची फिरस्ती मुळीच नव्हती. तिशी उलटेपर्यंत तिनं पाहिलेलं सगळ्यांत लांबचं गाव म्हणजे तिचं माहेर, दुसरबीड, आणि तेही बैलगाडीतून, झोपेत. तिचा नवरा पुंजाजी मिरची पिकवण्यात हुशार. त्याच्या मळ्यातली मिरची लाल, लांबट आणि अशी जहाल, की फोडणीत पडली तर शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून शिव्या घालायची. फक्त पुंजाजीला मोटार लागायची. मोटार उभी असली आणि नुसता पेट्रोलचा वास आला, तरी त्याचा चेहरा उतरायचा.

एका साली गावात मिरची एवढी आली की तिला कुत्रं विचारीना. अशात खामगावचे मोठे मिरचीचे व्यापारी शेषराव यांचा निरोप आला, की माल दाखवायला या, पसंत पडला तर दरसाल घेऊ. पुंजाजी नवं धोतर नेसून मोटारीत बसला. देऊळगाव महीला त्यानं मोटार थांबवली, उतरला, रस्त्याच्या कडेला काय व्हायचं ते झालं, आणि एका ओळखीच्या गाडीवानाबरोबर तो घरी आला.

"आपला पिंड मोटारीचा नाही," अंगणात आडवा होत तो म्हणाला.

"मंग मी जातो," सोजराबाई म्हणाली.

"तू? एकली?"

"एकली कायची? मिरची हाये ना संगं."

सामान बांधायचं काम पुंजाजीनं घेतलं. जो स्वतः देऊळगाव महीच्या पुढे गेला नव्हता, त्याला परगावी काय काय अडतं हे सगळं ठाऊक होतं. त्यानं गोधडी बांधली, चटई बांधली, पाण्याची घागर, लोणच्याची बरणी, पिठाचं गाठोडं, आणि शेवटी वरवंटा.

"वरवंटा कायले?"

"परक्या गावात लोकाईले वरवंटा मांगत फिरशील काय?"

"अन् पाटा?"

"पाटा कोनीबी देते."

मिरचीचं भरलेलं पोतं, घागर, गोधडी आणि वरवंटा घेऊन सोजराबाई उतारूंच्या सर्व्हिस मोटारीपाशी उभी राहिली, तेव्हा ड्रायव्हरनं हँडल मारायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, घर बदलून राह्यल्या काय?"

पोतं बाकाखाली ढकललं. माणसं वर बसली, त्यांचे पाय पोत्यावर. अंढेऱ्याच्या अलीकडे रस्ता खडबडीत होता. दर धक्क्याला कुणाची तरी टाच मिरचीत रुते आणि बारीक लाल धूळ वर येई. आधी एका वाण्याला शिंक आली. मग त्याच्या बायकोला. मग सगळ्या मोटारीत अशी सरबत्ती सुरू झाली की बाहेरच्या गुराख्यांना वाटलं, लग्नाचे फटाके. शेवटची शिंक ड्रायव्हरला आली. तो चांगला धिप्पाड माणूस होता. त्याच्या शिंकेबरोबर मोटार रस्ता सोडून ज्वारीत शिरली आणि कणसांत जाऊन गप उभी राहिली.

कुणाला लागलं नाही. पण सगळे खाली उतरून सोजराबाईकडे अशा नजरेनं पाहू लागले, की तिनं पदर डोळ्यांवर ओढला. ड्रायव्हरनं पोतं टपावर टाकलं. पुढचा सारा रस्ता त्या पोत्यावर धूळ पडत राहिली.

भर दुपारी ती खामगावच्या पेठेत पोचली ती तशीच, न जेवता, न तोंड धुता, डोक्यावर घागर, पोतं हमालाच्या पाठीवर. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. शेषराव म्हणाले, "बसा जरा." ती पोत्याला टेकून बसली. टेकली तेवढ्यात झोप लागली. जागी झाली ती स्वतःच्याच घोरण्यानं. गिऱ्हाइकं तोंडावर उपरणं धरून हसत होती.

शेषरावांनी पोत्यात हात घालून मूठभर मिरची काढली, फुंकली, आणि सगळ्यांना दाखवली.

"बाई, हे मिरची हाये का अख्खा रस्ता?"

सौदा फिसकटला. रात्री धर्मशाळेत लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. जागा मिळाली ती वाजंत्र्यांच्या ओट्यावर. सोजराबाई परत आली तेव्हा अंग दुखत होतं, घागरीला पोचा होता आणि वरवंटा मोटारीतच राहिला होता. ड्रायव्हर पुढे बरीच वर्षं तो चढावावर चाकामागे लावायचा, आणि म्हणायचा की असं हुकमी सामान दुसऱ्या कोणत्या उतारूनं दिलं नाही.

दुसरी कुणी असती तर पुन्हा मोटारीचं नाव घेतलं नसतं. सोजराबाईला मात्र राग आला होता तो खामगावचा नव्हे, स्वतःचा. "मिरची वाईट नव्हती," ती पुंजाजीला म्हणाली. "मीच खराब होऊन पोचलो."

गावात लक्ष्मीकांत नावाचा एक तरुण होता. जोशांच्या घरातला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. नागपूरकडच्या कुठल्याशा कारखान्याचं लाल दंतमंजन तो गावोगावी विकायचा. बारा महिने फिरतीवर, पण कपड्यांची घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. सोजराबाईनं त्याला ओसरीवर बोलावून गुळाचा चहा दिला.

"भाऊ, तुमी एवढे फिरता, तरी असे ताजे कसे राहता?"

लक्ष्मीकांतला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो खुलला. "काकू, पहिली गोष्ट म्हणजे कामाच्या आदल्या दिवशी पोचायचं. दमलेला माणूस आणि शिळी भाजी, दोन्हींना भाव नसतो. आणि सामान एका हातात मावेल एवढंच घ्यायचं."

"अन् दुसरा हात?"

"तो मोकळा. नमस्कार करायला, मोटारीची दांडी धरायला, आणि धक्का देणाऱ्याला धक्का द्यायला."

हे तिला पटलं. बाकीचं तिनं स्वतःच्या फजितीतून काढलं. निघताना पोटभर जेवायचं नाही, एक भाकर आणि कांदा पुरे. बसायचं ते पुढच्या बाकावर, मागे हाडं खिळखिळी होतात. ड्रायव्हरशी भांडण नाही, उलट त्याच्यासाठी चटणी-भाकर वेगळी बांधायची, कारण आपला जीव त्याच्या हातात. धर्मशाळेत जागा राखायचा निरोप आधीच त्याच्याच हाती पाठवायचा. आणि पोतं न्यायचंच नाही. थोडी मिरची कुटून तिनं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरली. चव घ्यायला एवढी पुष्कळ.

पुंजाजी चटई बांधायला आला. तिनं ती सोडून परत भिंतीला लावली.

या खेपेला लक्ष्मीकांतही त्याच मोटारीनं निघाला. अंढेऱ्याच्या पुढे ड्रायव्हरनं चटणी-भाकर खाल्ली आणि खड्डे चुकवत मोटार अशी चालवली, की जणू आत दुधाची कासंडी ठेवली आहे. खामगावला दोघं दिवसाउजेडी पोचले. धर्मशाळेत जागा राखलेली होती. रखवालदारानं दोघांचे डबे आपल्या खोलीत एका फळीवर ठेवले. सोजराबाई बायकांच्या खोलीत जाऊन पाय धुऊन निजली. सकाळी ती उठली तेव्हा तिला स्वतःलाच आपण ओळखू आलो नाही, एवढं बरं वाटत होतं.

तोंड धुऊन, वेणी घालून, घाईघाईनं रखवालदाराकडून डबा घेऊन ती पेठेत गेली. फळीवर डबे दोन होते, दोन्ही एकाच दुकानातून घेतलेले, दोन्हींत लाल पूड. रखवालदारानं हाताशी आला तो पुढे केला होता.

शेषरावांची त्या दिवशी दाढ ठणकत होती. गालाला रुमाल बांधून ते गादीवर बसले होते आणि नोकरांवर खेकसत होते. सोजराबाईला पाहून म्हणाले, "आज पोतं नाही आनलं?"

"पोत्यानं मिरची कळत नाही, शेठ. जिभेनं कळते. घ्या."

शेषरावांनी चिमूट जिभेवर टाकली आणि तिखट सोसायला डोळे मिटून घेतले. थोडा वेळ गेला. त्यांनी एक डोळा उघडला.

"बाई, हे मिरची हाये का कापूर?"

"आमची मिरची? कापूर?" सोजराबाईनं बोटभर पूड चाखली. कापूर, लवंग आणि काव, ती लाल माती. डबा कुणाचा हे तिला कळलं, आणि आपला डबा कुणाकडे आहे हेही कळलं. ती झाकण लावून उठली.

"थांबा थांबा!" शेषराव ओरडले. "डबा नेऊ नका. दाढेले थंड वाटून राह्यलं." आणि त्यांनी बोटानं पूड दाढेवर चोळायला सुरुवात केली. जसजसं ते चोळत गेले, तसतसा कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या. त्यांनी गालाचा रुमाल सोडला. नोकराला 'बापू' म्हणून हाक मारली. नोकर घाबरला.

तेवढ्यात पेठेत गलका झाला. झालं होतं असं, की पलीकडच्या आळीत लक्ष्मीकांत एका किराणा दुकानदाराला मंजन विकत होता. त्याची रीत ठरलेली होती. "मी स्वतः रोज वापरतो, पाहा," असं म्हणून तो गिऱ्हाइकासमोर दात घासून दाखवायचा. दाखवत असताना तो हसायचाही. त्या दिवशी त्यानं भरपूर पूड बोटावर घेतली, वरचे दात घासले, खालचे घासले आणि हसायला तोंड उघडलं. ते मिटलंच नाही.

कोटाची बटणं तुटलेली, डोळ्यांतून धारा, जीभ बाहेर, असा लक्ष्मीकांत धावत शेषरावांच्या दुकानात शिरला. बोलता येत नव्हतं. तो नुसता डबा दाखवत होता. "हा... हा... हा..."

सोजराबाईनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "पानी नका पिऊ, आनखी भडकते. गूळ चघळा, भाऊ. चघळा." आणि त्याच्या हातातला डबा शेषरावांपुढे ठेवला. "शेठ, हे आमची मिरची. घ्या चाखून."

शेषरावांनी लक्ष्मीकांतचे सुजलेले ओठ पाहिले, लाल नाक पाहिलं, आणि डबा हळूच मागे सरकवला.

"चाखाची गरज नाही, बाई. साक्षीदार समोर उभा हाये."

त्यांना हसू आवरेना. हसता हसता दाढ पुन्हा ठणकली, त्यांनी पुन्हा मंजन लावलं आणि पुन्हा हसले. त्या बैठकीत सोजराबाईच्या मळ्याची सगळी मिरची दरसाल घ्यायचं ठरलं. लक्ष्मीकांतचं मंजनही दुकानात ठेवायचं ठरलं, आणि ते खपलंही चांगलं. तो किराणावाला मात्र गिऱ्हाईक म्हणून कायमचा तुटला. "त्या मंजनानं मानूस पळत सुटते," असं तो पेठभर सांगत सुटला होता.

परतताना लक्ष्मीकांत मोटारीत गूळ चघळत बसला होता. अमडापूर गेल्यावर त्याला शब्द फुटले. "काकू, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती."

"कोनती?"

"आपल्या सामानाला खूण बांधायची."

सोजराबाईनं लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडली आणि डब्याच्या कडीला बांधली. मग त्याच्या डब्याला बांधायला दुसरी फाडू लागली.

"नको, नको!" तो म्हणाला. "दोन्हींना बांधली तर पुन्हा तेच!"

त्यानंतर सोजराबाई दर हंगामात खामगावला जाऊ लागली. पुढे अकोला झालं, नागपूर झालं. बायकांनी एकट्यानं असं फिरावं का, यावर गावात कुजबुज झाली. पण कुजबुजणाऱ्यांनाही कधीतरी कोर्टाच्या तारखेला जावं लागे, आणि मग तेच ओसरीवर येऊन विचारत, "सोजराबाई, पुढच्या बाकावर बसू का मागच्या?"

उतारवयात तिनं खामगावला मोटार स्टँडाजवळ एक खोली घेतली. चिवडा, तूप, अंडी, गोधड्या असलं काहीबाही विकायला येणाऱ्या आमच्या भागातल्या बायका तिथं उतरायच्या. खोलीचा कायदा कडक होता. आल्यावर आधी पाय धुवायचे, मग जेवायचं, मग निजायचं. व्यापाराचं बोलणं सकाळी.

एकदा धामणगाव बढ्याची तानुबाई म्हणून एक बाई पाटीत कोंबड्या घेऊन आली. सोजराबाईनं पाटी उघडून पाहिली.

"कोंबड्या राहू दे. कोंबडा बाहेर बांध. पहाटीच बोंबलते अन् साऱ्याईची झोप मोडते."

"मंग मावशी," तानुबाई म्हणाली, "मले पहिल्या मोटारीले उठवन कोन?"

सोजराबाईनं वाकून कोंबड्याकडे नीट पाहिलं. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"आन त्याले आत," ती म्हणाली. "पन माह्या उशापाशी नको."