तेल कुठं लागलं?

जगात कुठंही जमिनीतून तेल निघालं, की त्याचा आनंद सर्वांत आधी शहापुरातल्या आमच्या बोळात व्हायचा. कारण माझे सासरे. मामंजी हातमागावर लुगडी विणायचे, संकेश्वरच्या बाजारापलीकडे कधी गेले नव्हते. पण ब्रह्मदेश, आसाम, इराण ही नावं त्यांच्या तोंडी सोयऱ्यांच्या गावांसारखी असायची. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून वर्तमानपत्र मी वाचायची. सकाळी माग सुरू झाला की पहिला प्रश्न, "तेल कुठं लागलं गं?" कुठंच लागलं नसेल तर त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं, जणू खणायला तेच कमी पडले होते.

बोरगावाहून मी सून होऊन आले ती शाळा अर्धी टाकून. मला सातवीची फायनल परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं होतं. सासूबाईंना मी मागासाठी सुताच्या कांड्या भराव्यात एवढंच हवं होतं. "सुनंच्या हातात कागूद कशाला?" असं त्या म्हणाल्या की मामंजी धोटा थांबवून विचारत, "मग अरबस्तानातलं मला तू सांगतीस व्हय?" सासूबाई स्वतःच कांड्या भरायला बसायच्या. त्या तेलापायी माझा भूगोल पक्का झाला. बातम्या संपल्यावर मी हळूच शाळेचं पुस्तक उघडायची, तेही ते तितक्याच गंभीरपणे ऐकून घ्यायचे.

विणकर ज्यात पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यातही तेल असणार, अशी त्यांना दांडगी आशा. एकदा तिथून खरंच रॉकेलचा वास आला. मामंजींनी सगळा बोळ गोळा करून प्रत्येकाला चिमूटभर माती हुंगायला दिली. शेजारचे आप्पा तर आता साहेब येणार म्हणून फेटा बांधून आले. शेवटी सासूबाई पुटपुटल्या, "कंदिलात वतताना बाटली कलंडली हुती."

"मग आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुमचं हसरं त्वांड बघून धीर झाला न्हाय."

पुढं वर्तमानपत्रात तेलविहिरीवरच्या मनोऱ्याचं चित्र आलं. मामंजींनी ते हुबेहूब लुगड्याच्या काठावर उतरवलं. बाजारात बाया म्हणाल्या, "काय देखणं देऊळ काढलंय!" मामंजी भडकले. "देऊळ न्हाय, तेलाची हीर हाय!" गिऱ्हाईक सोडून ते लुगडं घरी घेऊन आले आणि मला दिलं.

मी फायनल पास झाले आणि धारवाडला ट्रेनिंगला बोलावणं आलं. सासूबाईंनी नेमकं विचारलं, "आता तुमचं तेल कोण वाचणार?" माझा पाय तिथंच अडला. नाही जात म्हणावं असं मनात आलं. मामंजींनी तुटलेला धागा जोडला. मग मान वर न करता म्हणाले, "जा पोरी. तेल जमिनीत हाय, पळून जात न्हाय." ते लुगडं नेसूनच मी गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आले तर मागाशेजारी वर्तमानपत्रांची चळत, एकाचीही घडी मोडलेली नाही. धाकट्या दिरांना चांगलं वाचता येत होतं.

"त्येला वाचता येतंय," मामंजी म्हणाले, "पण त्येला तेलाचं सोयरसुतक न्हाय. तू बस."

मी दोन दिवस वाचत बसले. सगळीकडे लढाईच्या बातम्या. तेलाची एकच होती. ती त्यांनी तीनदा वाचायला लावली.

आता मामंजी नाहीत. शाळेत मास्तरीण म्हणून नकाशा लावते, तेव्हा इराणवर बोट ठेवताना त्यांची फार आठवण येते. जे काही मी झाले ते त्यांच्यामुळं. सणासुदीला ते लुगडं अजून नेसते. कुणी काठ हातात घेऊन म्हणतं, "बाई, काय देखणं देऊळ!"

मी व्हय म्हणते.