दुपारच्या सभेची धून

मी देव मानतो, भूत मानत नाही. सगळी नोकरी झाशीच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून काढली. इंजिन बंद पडलं की कारण असतंच, आज नाही तर उद्या सापडतं. ह्या भरवशावर आयुष्य गेलं माझं. इथल्या मराठी मंडळाने अंकासाठी अनुभव मागवले म्हणून लिहितो आहे. शिक्षण चौथी. शुद्धलेखन तुम्ही सुधारा, मजकुराला हात लावू नका.

लक्ष्मी गेटच्या आत आमच्या दोन खोल्या आहेत, खाली पतंगवाल्याचं दुकान. राहतो मी आणि आमची मंडळी, म्हणजे बायको, कुसुम. मूळचे भुसावळचे. मुलगा विनायक पुण्याला.

गेल्या पावसाळ्यात कुसुमला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिचं सगळं मीच करतो, करू शकतो. पण उन्हाळा लागला तसं तिने खाणं सोडलं. चमचा नेला की ओठ घट्ट. पेज, दलिया, लौकीचं म्हणजे दुधीचं पाणी... काही नाही. गिळता येत होतं, डॉक्टरनेच पाहिलं होतं. तो म्हणाला, बाबूजी, दो-तीन दिन और देख लीजिए, नहीं तो नाक से नली डालनी पड़ेगी.

माझ्या आईला शेवटी नळी होती. ओढून काढते म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. कुसुमनेच तिची सेवा केली आणि तेव्हाच मला म्हणाली होती, “माझं असं करू नका हो.” मी बरं म्हटलं होतं.

विनायक फोनवर म्हणाला, बाबा, आता हट्ट पुरे, मी गाडी घेऊन येतो, आईला पुण्याला नेऊ. त्याचं चूक नव्हतं. पाठ, गुडघे, डोळे... सगळंच थकलेलं होतं माझं. परवा ये म्हणालो.

आता रेडिओचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रेडिओ सुरू व्हायच्या आधी एक धून वाजते ती सर्वांना ठाऊक आहे. खाली तानपुरा, वर व्हायोलिन. आपला मुलुख सोडून इकडे आसऱ्याला आलेल्या कुणा परदेशी माणसाने ती बांधली म्हणे, आमच्या जन्माच्या आधी. सकाळची तर होतीच, पण आमच्या वेळी इकडे दुपारच्या सभेआधीही, म्हणजे दुपारचे कार्यक्रम सुरू होताना, लागायची. आणि नेमका तेव्हाच शेडमध्ये जेवणाचा भोंगा व्हायचा. नवऱ्याआधी जेवायचं नाही ही आमच्या घरची रीत. पण मी शेडमध्ये, ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, मी जेवलो हे तिला कळणार कसं? तर ही धून. धून झाली म्हणजे ह्यांनी डबा उघडला, असं धरून ती ताट घ्यायची. शेजारणी हसायच्या, तुमचा नवरा रेडिओत बसून जेवतो का म्हणून.

त्या वेळची इकडच्या रेडिओ केंद्रातली फीत एका जागी ढिली पडलेली होती. रुळांच्या सांध्यावरून गाडीचा डबा जाताना हलतो तसा सूर तिथे हलायचा. सगळ्या क्वार्टरला माहीत. कुसुम त्या जागी बोट वर करायची, “आला बघा हेलकावा.” पुढे कुणीतरी फीत बदलली, हेलकावा गेला. तेव्हा ती दोन दिवस उदास होती. म्हणाली, हे दुसरंच कोणी आलंय.

विनायकने ती धून मोबाइलवर पाठवून पाहिली होती. मी ती तिच्या कानाशी लावली. तिने भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं.

आमचा जुना रेडिओ फळीवर आहे, तिनेच विणलेल्या रुमालाखाली. सेल नाहीत, सेलची जागा गंजली आहे. विजेची तार तर मीच कापून इस्त्रीला लावली.

तर विनायक यायच्या आदल्या दिवशीची दुपार. बिजली गेलेली, रोजच जाते. खाली राहणारी रामकली मालिश करायला आली होती, कुसुमचे पाय चोळत होती. मी खिचडी मऊ करून आणली. ओठ घट्ट. पुन्हा नेला, पुन्हा घट्ट.

आजारी माणूस आधी, असा माझा नियम. तिने नाही खाल्लं की माझंही राहायचं. त्या दिवशी नियम-बियम काही उरलं नाही. रामकलीने आणलेली रोटी आणि लोणचं घेतलं आणि तिथेच पलंगापुढे बसून घास तोंडात घातला. बायकोपुढे तिच्याआधी, निर्लज्जासारखा.

आणि फळीवरून धून आली.

आधी तानपुरा. मग व्हायोलिन. मोठ्याने नाही, शेजारच्या घरात लागावी तशी, पण फळीवरूनच. मला वाटलं उपाशीपोटी डोकं फिरलं. पण रामकलीचे हात थांबले होते. ती हळूच म्हणाली, “दद्दा, जो रेडियो तौ बिगरो परो हतो?” हा तर बिघडून पडला होता ना, असं.

घास तोंडातच होता. मग ती जागा आली आणि सूर हलला. मोबाइलवर नव्हता तो हेलकावा. कुसुमने डाव्या हाताचं बोट वर केलं.

धून संपली. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

वाटीभर खिचडी खाल्ली. रामकली पदराने डोळे पुसत होती आणि वर मलाच बोलत होती, की इतके दिन भूखी रखी बिचारी को.

रामकली गेल्यावर मी रेडिओ उघडला. फिटर माणूस, उघडणारच. आत कोळ्याची जाळी आणि एक मेलेलं झुरळ. विनायक आला, त्याने आईला खाताना पाहिलं, गाडी रिकामी परत नेली. तो म्हणतो कुणाच्यातरी फोनची रिंगटोन असेल. ढिल्या फितीची रिंगटोन कोण ठेवतं, ते त्याने सांगावं. मंदिरवाले पंडितजी म्हणतात पूजा करा. कशाची करू, इस्त्रीच्या तारेची?

तिने का खाल्लं ते मला कळलं. मी जेवलो म्हणून. ते कळायला मला इतका वेळ लागला. पण धून कुठून आली ते अजून कळलेलं नाही, आणि आता शोधण्याचा दमही नाही.

परत ती मला ऐकू आली नाही. रोज दुपारी मी कुसुमपुढे बसून आधी जेवतो. ती लगेच तोंड उघडत नाही. मान फळीकडे वळवते, थांबते. मला काही ऐकू येत नाही, खालच्या दुकानातली बडबड तेवढी येते. मग एका क्षणी तिचं बोट वर होतं आणि खाली येतं. मी चमचा भरून धरतो, आणि तिचं ऐकून होईपर्यंत बसून राहतो.